अनोळखी नंबर उचलू नये

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.४०

वॉशिंग मशीन आज पुन्हा चाललं. म्हणजे चालू झालं असं नव्हे. पायी चाललं. कपडे पिळायच्या वेळी गुरगुरत, थरथरत पॅसेजमधून निघालं आणि थेट बाथरूमच्या दाराला जाऊन टेकलं. दार बाहेर उघडतं. ही आत आंघोळीला. आतून धपाधप.

सामान्य माणूस धावत जाऊन मशीन ढकलेल. मी जागरूक ग्राहक आहे. पुरावा आधी. चार बाजूंनी फोटो काढले, एक व्हिडिओ केला (हिचा आवाज त्यात स्पष्ट आलाय, केस मजबूत होते). अंतर कळावं म्हणून मोजायची टेप शोधली. त्यात जरा वेळ गेला. आतून हिनं विचारलं, बाहेर काय चाललंय. म्हटलं, दोन मिनिटं, आजची तारीख दिसेल असा पेपर शोधतोय.

मग मशीन सरकवून तिला सोडवलं. ती बाहेर आल्यावर मशीन परत होतं तिथे नेऊन ठेवलं. तपासणी होईपर्यंत घटनास्थळी काही हलवू नये, साधा नियम आहे. माणुसकी म्हणून एक माणूस तिरका आत जाईल एवढी फट ठेवली. खडूनं चौकट आखली.

 हिच्या केसांतून पाणी गळत होतं, तशीच उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. एकूण कारवाईवर समाधानी असावी.

३ फेब्रुवारी, सोमवार

ही बहिणीकडे गेली. चार दिवस जाऊन येते म्हणाली. बॅग मात्र मोठी नेली. दारात म्हणाली, तुम्हाला बायको नकोय, साक्षीदार हवाय. मी म्हटलं, साक्षीदार घराबाहेरचा असलेला बरा, घरातल्याचं कोणी धरत नाही.

लिफ्ट येईपर्यंत ती उभी होती. मी आत मशीनची पावती शोधत होतो. सापडली तेव्हा सांगायला बाहेर आलो, तर लिफ्ट गेलेली.

संकल्प: मशीन बदलून मिळेपर्यंत स्वस्थ बसायचं नाही. मशीन आलं की ही आलीच. मूळ कारण तेच आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कंपनीकडे तक्रार नोंदवली. कस्टमर केअरची मुलगी फार चांगली. माझं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही "झालं का तुमचं?" असं म्हणाली नाही. शेवटी म्हणाली, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. आमच्या घरात हे वाक्य कित्येक वर्षांत कोणी उच्चारलेलं नाही. (मीही नाही, पण मला तसा प्रसंग आला नाही.) तिचं नाव मी दिलगीरबाई ठेवलंय.

आणखी काही मदत करू शकते का, असंही तिनं विचारलं. पटकन काही सुचेना. विचार करून सांगतो म्हटलं. पुढच्या वेळी प्रश्न तयार ठेवायचे.

तक्रार चालू असताना वस्तू वापरायची नाही, म्हणून कपडे बादलीत. कपड्यांचा साबण ही कुठे ठेवते देव जाणे. भांड्यांचा वापरला. बाथरूममध्ये पोट आत ओढून, अंग चोरून शिरावं लागतं. आयता व्यायाम.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चार दिवस कधीच उलटले. हिचा फोन नाही. मीही केला नाही. जागरूक ग्राहकाला सल्ला स्पष्ट आहे, तोंडी बोलणं टाळा, सगळं लेखी हवं. मेहुणीला तसं कळवून टाकलं: यापुढचा सर्व संवाद लेखी व्हावा, दोन्ही बाजूंना सोयीचं. तिचं उत्तर आलं, भाऊजी, धन्य आहे तुमची. लेखी कौतुक! जपून ठेवलंय.

मी ज्या ग्राहक मासिकाचा वर्गणीदार आहे, त्याचा या महिन्याचा सल्ला: वापरात नसलेल्या सेवा ओळखा आणि तत्काळ बंद करा. लगेच बसून घरातल्या सेवांची छाननी केली. एक, व्यायामशाळा (एकदा गेलो होतो, चौकशीला). दोन, सिनेमांची वाहिनी. तीन, फॅमिली प्लॅनवरचा दुसरा मोबाइल नंबर. हिचा. त्यावरून आठवडाभरात एकही फोन झालेला नाही, मला तरी आलेला नाही. प्लॅन माझ्या नावावर, त्यामुळे एकट्याची सही पुरली. तिन्ही बंद केल्या.

हिला तसं मेसेजनं रीतसर कळवलं. मेसेज पोचला नाही, कारण नंबर बंद झाला होता. कंपनीची सेवा तत्पर आहे हे मान्य करावं लागेल. वाटलं तर बहिणीचा फोन आहेच की तिला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिसात मला पाठीमागे "अटी-शर्ती" म्हणतात, हे आज शिपायाच्या तोंडून कळलं. अटी-शर्तींचा चहा झालाय का, असं तो विचारत होता. वाईट वाटलं नाही. कोणीतरी त्या वाचतो याची नोंद आहे म्हणायची.

हेडक्लार्क शेजारी बसल्या बसल्या म्हणाला, आज कुठे भांडी घासून आलात का, लिंबाचा वास येतोय. वहिनी बऱ्या आहेत ना? म्हटलं, उत्तम. माहेरपणाला गेलीय. म्हणाला, या वयात? मी विषय बदलला, त्याच्या घड्याळाची वॉरंटी विचारली.

१५ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ७.१०

अनोळखी नंबरवरून फोन, बरोबर सातच्या ठोक्याला. अनोळखी नंबर उचलू नये, हा पहिला धडा. उचलला नाही. बराच वेळ वाजला बिचारा.

अंडं उकडताना फुटलं. अंड्यांच्या खोक्यावर हेल्पलाइनचा नंबर असतो हे किती जणांना ठाऊक आहे? लावला. शनिवार-रविवार बंद.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

तोच नंबर, रोज सातला. हे भामटे वेळ कशी साधतात बघा. माणूस कामावरून आलेला, चहाचा कप पुढ्यात, घरात बोलायला कोणी नाही. सावज हेरूनच येतात. ब्लॉक केला नाही मुद्दाम. पुरावा साठू दे.

दुपारी दिलगीरबाईचा फोन आला होता. आवाज बसलेला वाटला. सर्दी झाली का विचारलं, तर म्हणाली, सर, मी आपल्याशी पहिल्यांदाच बोलतेय. ताणामुळे होतं असं विसरायला. वाफ घ्या म्हटलं. ती म्हणाली, हा कॉल रेकॉर्ड होतोय, सर. म्हटलं, उत्तम, ठेवा सल्ला जपून.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज त्या नंबरवरून मेसेज. नमुना उत्कृष्ट आहे म्हणून जसाच्या तसा उतरवतो:

"मी बोलतेय. हा माझा नवीन नंबर. फोन उचला ना. भांडायचं नाहीये."

हाच तो प्रकार! मागच्या अंकात यावर अख्खं पान होतं. घरचं माणूस असल्याचं भासवायचं, नंबर नवीन घेतलाय म्हणायचं आणि गळाला लावायचं. खुणा सगळ्या जुळतात. नाव दिलेलं नाही, घाई आहे, भाषा जिव्हाळ्याची. इथेच भल्याभल्यांचा पाय घसरतो. पण भामट्याचा गृहपाठ कच्चा. माझी बायको "भांडायचं नाहीये" असं आयुष्यात कधी म्हणालेली नाही.

ते "ना" मात्र हुबेहूब जमवलंय. पुन्हा एकदा वाचलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

इमारतीच्या कमिटीनं माझं व्याख्यान ठेवलं. विषय "फसाल तर फसाल". जागा, खाली पार्किंगमध्ये. श्रोते मोजकेच, त्यातले दोघे खुर्च्या परत न्यायला थांबलेले. पण संख्येवर जायचं नसतं.

तो मेसेज मोठ्यानं वाचून दाखवला, एकेक खूण समजावून सांगितली. पहिल्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, अहो, पण खरंच वहिनींचाच असला तर? कितीतरी दिवसांत दिसल्या नाहीत त्या.

उत्तम प्रश्न, म्हटलं. अशा वेळी जागरूक ग्राहक काय करतो? त्या नव्या नंबराला हात लावत नाही. आपल्याकडचा जुना, खात्रीचा नंबर लावतो. आणि सगळ्यांच्या देखत, स्पीकर चालू करून, हिचा जुना नंबर लावला.

"आपण लावलेला नंबर अस्तित्वात नाही."

म्हटलं, बघा! सिद्ध झालं.

खुर्च्या न्यायला थांबलेले दोघेही खाली बसले. प्रात्यक्षिकाचा परिणाम काही औरच असतो. निघताना बाई म्हणाल्या, रात्रीचा डबा पाठवते, नाही म्हणू नका. वक्त्याला मानधन देण्याची ही पद्धत मला आवडली.

वर आल्यावर त्या नंबराची फसवणूक विभागाकडे रीतसर तक्रार केली. स्क्रीनशॉटसह.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ७.२०

विजय! फसवणूक विभागाचं उत्तर आलं. आपल्या सतर्कतेबद्दल आभार, सदर नंबर बंद करण्यात आला आहे. एका नागरिकानं मनावर घेतलं तर काय होऊ शकतं, त्याचं हे उदाहरण.

सात वाजले. फोन वाजला नाही. सवय वाईट असते. कप हातात घेऊन मी उगाचच फोनजवळ बसलो होतो. मग घड्याळ बरोबर आहे का ते फोनमध्ये बघितलं, आणि फोन बरोबर आहे का ते घड्याळात. दोन्ही बरोबर. चहा निवला.

१ मार्च, शनिवार

बाजार केला. पाकिटावरची किंमत बघू नका, वजनाच्या हिशेबात काय पडते ते बघा, हा सल्ला मी लोकांना देत आलोय. त्या हिशेबानं एकट्या माणसाचं पाकीट फार महाग पडतं. फॅमिली पॅक स्वस्त. म्हणून सगळं फॅमिली पॅकच घेतलं. मागच्या आठवड्यातल्या फॅमिली ब्रेडला बुरशी आली होती, तो टाकून नवा फॅमिली ब्रेड ठेवला. हिशेबात मात्र मी फायद्यातच आहे.

५ मार्च, बुधवार

अखेर कंपनीचा माणूस तपासणीला आला. खडूची चौकट बघून दचकला, म्हणाला, इथे कोण गेलं? मी फोटो दाखवले. व्हिडिओ लावला. तो म्हणाला, आत कोण ओरडतंय? मिसेस, म्हटलं. म्हणाला, लगेच काढलंत ना त्यांना? म्हटलं, लगेच म्हणजे, टेप सापडल्यावर.

त्यानं व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. मी स्वतः तो इतका पुढपर्यंत कधी ऐकला नव्हता. सुरुवातीला ही ओरडते, मग रागावते, मग दारावर थापा मारायची थांबते. अगदी शेवटी नुसतं माझं नाव घेते. एकदाच. एरवी ती कधी माझं नाव घेत नाही, "अहो" वर भागवते.

या फोनचा माइक चांगला आहे.

मशीन बदलून द्यावं अशी शिफारस त्या माणसानं तिथल्या तिथे केली. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, काळजी घ्या, काका. काका कशाला म्हणायला हवं होतं.

१० मार्च, सोमवार

नवीन मशीन आलं! नियमांचा, चिकाटीचा, लेखी पाठपुराव्याचा विजय. ज्यांनी ज्यांनी मला अटी-शर्ती म्हटलं त्यांनी येऊन बघावं.

माहितीपत्रक सांगतं, पूर्ण भरल्याशिवाय चालवू नये. माझे कपडे घातले, तळ झाकला. पडदे काढून घातले, उशांचे अभ्रे घातले, तरी भरेना. शेवटी कपाटातून हिचा घरात घालायचा गाऊन काढून घातला, तेव्हा कुठे भरलं. मशीन जागचं तसूभर हललं नाही. आवाजही नाही. चालू आहे की नाही हे हात लावून बघावं लागतं. एवढं मुकं मशीन कशाला बनवतात? जुनं निदान उठून जवळ तरी येत होतं.

संध्याकाळी दिलगीरबाई. अभिनंदन, सर, आता आपली तक्रार बंद करू का? म्हटलं, घाई काय आहे, राहू दे की आठ-पंधरा दिवस उघडी. म्हणाली, सिस्टीममध्ये बसत नाही. म्हटलं, मग आता तुमचा फोन यायचा नाही? म्हणाली, मशीन बिघडलं तर आपण जरूर करा, सर. आणखी काही मदत करू शकते का?

या वेळी प्रश्न तयार होते. एक, अभ्र्यांना इस्त्री करतात का? दोन, भाताला पाणी किती? तीन, माणूस चार दिवसांसाठी म्हणून जातो तेव्हा... तिसरा विचारला नाही. ती म्हणाली, सर, हे आमच्या विभागात येत नाही. मग आवाज खाली आणून म्हणाली, तांदळाच्या दुप्पट घाला.

११ मार्च, मंगळवार

मशीन आलं, आता ही यायला हरकत नाही. रजिस्टर पोस्टानं पत्र धाडलं. विषय: मूळ तक्रारीचे निवारण झाल्याबाबत. आपली गैरसोय दूर करण्यात आली असून पत्र मिळताच परत यावे. खाली "आपला" लिहिलं. ते उघडं उघडं दिसायला लागलं, म्हणून पुढे "विश्वासू" जोडलं.

रविवारपर्यंत ती येईल. पडदे परत लावून ठेवायचे.

१६ मार्च, रविवार. दुपारी

बेल वाजली. साडू. एकटाच. हातात रिकामी बॅग.

साडू म्हणजे पावती न घेता बाजारहाट करणारा माणूस. तरी त्याचं घर कसं चाललंय कोण जाणे. म्हणाला, तिचा जुना चष्मा हवाय, आणि कपाटातले उरलेले कपडे. मी म्हटलं, पत्र मिळालं ना? मिळालं, म्हणाला. मोठ्यानं वाचून दाखवलं तिनं. विषयापासून.

मग बूट न काढताच खुर्चीत बसला आणि एका दमात बोलला. म्हणाला, अहो, तुम्ही तिचा नंबर कापलात. तिनं नवा घेतला. रोज सातला फोन लावायची तुम्हाला, तुम्ही आलेले असता, चहा घेत असता म्हणून. परत यायचंच म्हणत होती. मशीन चालतं तर चालू दे, म्हणे, माणूस तरी कुठे धड एका जागी आहे. मेसेजही केला. आणि तुम्ही काय केलंत? तो नंबर चोराचा म्हणून बंद करवलात. मोबाइल कंपनीच्या ऑफिसात रांग लावून तिला सिद्ध करावं लागलं, की मी मीच आहे.

मी विचारलं, झालं का सिद्ध?

 साडू म्हणाला, कंपनीकडे झालं. नंबर परत चालू झालाय.

मी त्याला मासिकातलं ते पान दाखवलं. त्यानं वाचलं. सगळं वाचलं. म्हणाला, बरोबरच आहे हो हे. असंच करतात चोर.

मग कपडे बॅगेत भरू लागला. गाऊन धुतलेला होता, तो मी स्वतः घडी घालून दिला. घडी जमली नाही. साडूनं ती तशीच ठेवली. निघताना नव्या मशीनवर थाप मारून म्हणाला, छान आहे. अजिबात हलत नाही ना? म्हटलं, नाही.

लिफ्ट येईपर्यंत या वेळी मी दारात उभा राहिलो.

१७ मार्च, सोमवार

तांत्रिकदृष्ट्या माझी बाजू आजही भक्कम आहे. तरी सामोपचार म्हणून हिच्या नव्या नंबरवर फोन केला. वाजला, उचलला नाही. मेसेज लिहायला बसलो. पहिला मसुदा विषय आणि संदर्भासह. खोडला. दुसऱ्यात झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी होती. तोही खोडला, ते वाक्य दिलगीरबाईचं आहे. शेवटी एवढंच पाठवलं:

"मी बोलतोय. फोन उचल ना. भांडायचं नाहीये."

पाठवल्यावर लक्षात आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी कधी कशाला "ना" लावलेलं नाही. तिला वाटणार, माझा फोन चोरीला गेला. अशा मेसेजला उत्तर देऊ नये, हे तिला मीच शिकवलंय.

१८ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ७.३०

ऑफिसातून लवकर निघालो. चहा केला. दोन कप झाला, फॅमिली पॅकच्या अंदाजानं.

बरोबर सातला फोन वाजला. नंबर न बघता उचलला. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, बोल.

पलीकडून बाई म्हणाली, नमस्कार, आपण नुकत्याच घेतलेल्या... मी आणखी दोनदा "बोल, बोल" म्हटलं. मग कळलं, रेकॉर्ड केलेला आवाज आहे. आपण आमच्या सेवेबद्दल समाधानी असल्यास एक दाबा. असमाधानी असल्यास दोन दाबा. आमच्या प्रतिनिधीशी बोलायचे असल्यास नऊ दाबा.

मशीनकडे बघितलं. खडूची चौकट अजून पुसलेली नाही. मशीन तिच्या बाहेर, आपल्या जागी मुकाट उभं. बाथरूमचं दार सताड उघडं. तक्रारीला कुठे जागाच नाही.

नऊ दाबलं.

सर्व प्रतिनिधी सध्या व्यग्र आहेत. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया लाइनवर राहा.

राहिलोय.